मिरचीची बिअर चाखताना आगीच्या आधी काय पकडायचे

प्रश्न नेहमीचाच: मिरची घातलेल्या पाच-सहा क्राफ्ट बिअर एका बैठकीला चाखायला घेतल्या की तिसऱ्या ग्लासानंतर सगळ्या सारख्याच तिखट लागतात. मवाळ हालापेन्यो मिरची काय, जहाल हाबानेरो काय, फरक कळेनासा होतो. मग क्रम कसा लावायचा, मध्ये तोंडात काय टाकायचे, आणि कोणती बिअर चांगली, कोणती नुसती जहाल, हे ठरवायचे कशावरून?

साध्या बिअर चाखायची पद्धत इथे जशीच्या तशी वापरली की तिसऱ्या ग्लासाला ती कोलमडतेच. तिखट ही जिभेच्या लेखी चव नाही, चटका आहे. मिरचीतले कॅप्सेसिन तोंडातल्या टीआरपीव्ही१ या ग्राहीला चेतवते. साधारण ४३ अंशांच्या वर गेलेल्या गरम वस्तूची वर्दी मेंदूला देणारा हाच ग्राही. (डेव्हिड ज्युलियस यांनी तो १९९७ मध्ये शोधला, त्यासाठी २०२१ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले.) आता गंमत अशी की मद्यार्क याच ग्राहीला आणखी हळवा करतो, त्याच्या उपस्थितीत हा ग्राही ३४ अंशांच्या आसपासच चेततो, म्हणजे शरीराच्या तापमानालाही. त्यात बिअरमधला कार्बन डायऑक्साइड तोंडात कार्बोनिक आम्ल होऊन वेगळ्या वाटेने टोचतो. एका घोटात तीन टोचण्या एकावर एक बसतात आणि आपण तिन्हीचे खापर मिरचीवर फोडतो.

पाण्यात कॅप्सेसिन जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात आणि मद्यार्कात विरघळते. पाच टक्के मद्यार्काच्या बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असल्यामुळे तिखट लागल्यावर थंडगार बिअर ढोसून आग विझवण्याचा उपाय कुचकामी. गारवा असेपर्यंत बरे वाटते, मग आग दुप्पट होऊन परतते.

आता वेळेचे गणित. घोट घेतल्यावर चटका जाणवायला साधारण पाच ते दहा सेकंद लागतात, तो चढायला आणखी वीस-तीस सेकंद आणि उतरायला काही मिनिटे. म्हणजे पहिले पाच सेकंद तुमचे आहेत. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले), मिरचीचे फळ, धूर, भाजका वास, जे काही नोंदवायचे ते या खिडकीत. खिडकी बंद झाली की पुढे फक्त आगीबद्दल लिहिता येते.

दुसरे गणित जास्त फसवे. एकेका मिनिटाच्या अंतराने तिखट घोट घेत गेलात तर आग चढत जाते, पातळी तीच असली तरी. पण मध्ये पाच-दहा मिनिटे थांबलात तर उलटे होते: तोंड बधिर होते आणि पुढची बिअर होती त्यापेक्षा मवाळ लागते. म्हणून 'जरा ब्रेक घेऊ, तोंड ताजे करू' हा सल्ला इथे अर्धाच खरा आहे. ब्रेकनंतर लगेच नवी बिअर चाखून गुण दिले तर तिला फुकटचा फायदा मिळतो. उपाय सोपा आहे. पहिल्या फेरीतली मधल्या तिखटपणाची एक बिअर राखून ठेवायची, ब्रेकनंतर तिचे दोन छोटे घोट घ्यायचे, ती पुन्हा पूर्वीइतकी तिखट लागू लागली की मगच पुढचा ग्लास उचलायचा.

बैठकीची मांडणी अशी ठेवावी. एका वेळी पाच, फार तर सहा बिअर. प्रत्येकीचे ६० मिलिलिटर, दीडशे-दोनशे मिलिलिटरच्या आत वळलेल्या काठाच्या ग्लासात. फिक्या रंगाच्या लागर, पेल एल, व्हीट बिअर ६ ते ८ अंशांना. स्टाउट, पोर्टर या भाजक्या माल्टच्या काळ्या बिअर १२ ते १४ अंशांना. फ्रीजमधून काढलेली स्टाउट तशीच ओतली तर मिरचीचा वास दबतो आणि आग तेवढी राहते, कारण कॅप्सेसिनला स्वतःचा वासच नाही आणि ते हवेत उडतही नाही. नाकाला जे कळते ते सगळे मिरचीच्या फळाचे, सालीचे, धुराचे. मात्र फार जहाल बिअरचा फेस फुटताना बारीक तुषार उडतात, तेव्हा नाक ग्लासात खुपसू नये. चार बोटे अंतर ठेवून आधी हुंगावे.

क्रम लावताना लेबलवरच्या मिरचीच्या नावावर जाऊ नका. मिरचीचा तिखटपणा सांगणाऱ्या स्कोव्हिल मापनात (विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये ही पद्धत काढली) हालापेन्यो २,५०० ते ८,०००, सेरानो १०,००० ते २३,०००, हाबानेरो १,००,००० ते ३,५०,००० आणि भूत जोलोकिया दहा लाखांच्या घरात. पण हे आकडे मिरचीचे आहेत, बिअरचे नाहीत. वीस लिटरमध्ये एक बी-शीर काढलेली हाबानेरो आणि वीस लिटरमध्ये डझनभर हालापेन्यो यात दुसरी जास्त तिखट निघू शकते. चाखणाऱ्यांपैकी नसलेल्या एकाने आधी प्रत्येक बाटलीतला चमचाभर चाखून तिखटाप्रमाणे ओळ लावावी. त्यातही फिक्या आणि काळ्या बिअर वेगळ्या फेऱ्यांत. मिरचीच्या इम्पीरियल, म्हणजे कडक, स्टाउट बहुधा १० ते १३ टक्के मद्यार्काच्या असतात. तिखट मवाळ असले तरी भाजका कडवटपणा आणि मद्यार्क तोंड व्यापून टाकतात आणि त्यानंतर हालापेन्योची पेल एल पाण्यासारखी लागते. आधी फिक्या, मवाळ ते जहाल. मग वीस मिनिटांचा खंड. मग काळ्या, पुन्हा मवाळ ते जहाल. शेवटी पहिल्या क्रमांकाची बिअर परत एकदा, तिचे आधीचे गुण न बघता. दोन नोंदींत मोठी तफावत आली तर शेवटच्या दोन-तीन बिअरच्या गुणांवर फार विसंबू नका.

त्या दिवशी सकाळपासून ठेचा, मिसळ, झणझणीत रस्सा बंद. चुना लावलेले पान आणि तंबाखू तर नकोच, चुन्याने तोंडाची त्वचा आधीच हुळहुळी झालेली असते. रोज तिखट खाणाऱ्याची अडचण वेगळी: त्याला सगळ्याच बिअर मवाळ वाटतात. त्याने आकड्यावर भर न देता आग कधी आली, कुठे बसली आणि किती वेळ टिकली, हे लिहावे. सवयीने आगीचा जोर कमी वाटतो, जागा मात्र त्यालाही नेमकी सांगता येते.

आता एक ग्लास जवळून पाहू. ओक्लाहोमातल्या प्रेअरी या ब्रुअरीची 'बॉम्ब!' ही इम्पीरियल स्टाउट घ्या. तिच्यात कॉफी, कोकोचे दाणे, व्हॅनिला आणि आन्चो मिरची आहे. आन्चो म्हणजे पिकवून वाळवलेली पोब्लानो ही मेक्सिकन मिरची, तिखटाला अगदी सौम्य. ओतल्याबरोबर हुंगायचे: आधी कॉफी येते, मग चॉकलेट. मिरची शोधायची ती या दोघांच्या मागे, मनुका आणि सुक्या अंजिराच्या वासात. ग्लास तळहातात धरून दोन मिनिटे ऊब द्या आणि पुन्हा हुंगा. मिरची आता पुढे सरकलेली असेल. पहिला घोट दहा मिलिलिटरचा, दोन-तीन सेकंद जिभेवर फिरवून गिळायचा. वाइनसारखे थुंकायचे नाही, कारण घशातली आग गिळल्याशिवाय कळत नाही. पाच सेकंदांत चव लिहून काढा. मग पेन ठेवा आणि घड्याळ बघा. आन्चोच्या बिअरमध्ये अपेक्षा अशी की आग म्हणण्याइतके काही होऊ नये. घशाच्या वरच्या बाजूला उबदार रेष उमटावी, मद्यार्काच्या उबेत मिसळून जावी आणि मिनिटभरात ओसरावी. ती रेष मद्याची की मिरचीची हे न कळणे, यात बनवणाऱ्याचे कसब आहे. दुसरा घोट पहिली आग निवायच्या आत घ्यायचा, साधारण ४५ सेकंदांनी, म्हणजे ती साचत जाते का ते कळते. तिसरा घोट निवांत, गुण ठरवण्यासाठी.

आगीतला वाटा कोणाचा हे कळेनासे झाले तर एक सोपी युक्ती. ग्लासातली अर्धी बिअर दुसऱ्या ग्लासात काढून चमच्याने घुसळून गॅस घालवा. दोन्ही चाखा. गॅस गेलेल्या बिअरमध्ये टोचणी बरीच कमी झाली तर ती कार्बन डायऑक्साइडची होती, मिरचीवर आळ नको. तशीच राहिली तर मिरचीची.

कोणत्या मिरचीकडून काय अपेक्षा ठेवायची? हिरवी हालापेन्यो, सेरानो: चिरलेल्या सिमला मिरचीचा हिरवा वास. तो मेथॉक्सीपायराझिन या संयुगाचा, आणि नाकाला तो लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी पकडता येतो. थोडा असेल तर फिक्या लागरमध्ये छान, स्टाउटमध्ये विचित्र. चिपोत्ले म्हणजे पिकवून धुरावर वाळवलेली हालापेन्यो, तिच्यात धूर आणि चामड्याची आठवण. हाबानेरोला जर्दाळू, पिकल्या आंब्याच्या सालीकडे जाणारा गोड वास असतो आणि तो फळधर्मी हॉप्सशी जुळतो. म्हणूनच सॅन डिएगोच्या बॅलास्ट पॉइंटने आपल्या 'स्कल्पिन' या आयपीएमध्ये (आयपीए म्हणजे हॉप्सचा भरपूर वास आणि कडवटपणा असलेली एल) हाबानेरो घातली. तुलना शिकायची तर साधी स्कल्पिन आणि हाबानेरो स्कल्पिन शेजारी शेजारी ठेवून चाखणे याच्यासारखा धडा नाही: मूळ बिअर तीच, फरक फक्त मिरचीचा. भूत जोलोकियाचा अडसर असा की ती इतकी थोडी घालावी लागते की तिचा स्वतःचा सुंदर वास बिअरमध्ये उतरतच नाही, उरते ती आग. कोलोरॅडोतल्या ट्विस्टेड पाइनची 'घोस्ट फेस किलाह' तिच्यावर बांधलेली आहे. तशी बिअर पैजेसाठी ठीक.

मूळ बिअरचा पोत आग कमी-जास्त करतो. गोडवा आणि अंगातला दाटपणा आग झाकतात. कोरडी, हलकी बिअर तीच मिरची उघडी पाडते. म्हणून एका मापाची मिरची घातलेली गोडसर, दाट मिल्क स्टाउट आणि कोरडी, हलकी पिल्सनर एकसारखी तिखट कधीच लागणार नाहीत. सर्वांत अवघड आयपीए, कारण हॉप्सचा कडवटपणा आणि मिरचीची आग दोन्ही जिभेच्या मागे, घशाशी एकाच जागी बसतात. कडू लागले की तिखट, हे ओळखायला घोट गिळून वीस सेकंद थांबायचे. कडवटपणा लगेच लागतो आणि जिभेवर रेंगाळतो. आग उशिरा येऊन घशात चढत राहते.

दोष ओळखणे हा या कामाचा खरा भाग, कारण तिखटपणाच्या आड बऱ्याच चुका लपतात.

उकडलेल्या मक्याचा किंवा शिजवलेल्या कोबीचा वास आला तर मिरचीला दोष देऊ नका. तो बहुधा डायमिथाइल सल्फाइडचा, म्हणजे माल्टचा रस नीट उकळला नाही किंवा उकळल्यावर हळूहळू गार झाला. पण उकडलेल्या मिरचीचा, टिफिनातल्या शिळ्या भाजीसारखा वास आला तर ताजी मिरची उकळीत फार वेळ राहिली. ती शेवटच्या पाच-दहा मिनिटांत किंवा आंबवण झाल्यावर घालायला हवी होती. भाजून घातली असती तर हिरवा वासही गेला असता आणि साखर थोडी करपून गोडसर धूर मिळाला असता.

जुन्या मिरचीपुडीसारखा धुळकट, लाकडी कडवटपणा म्हणजे बिया आणि देठ तसेच टाकले, किंवा वाळकी मिरची जुनी होती. तिखट बियांत असते हा समज जुना आहे. ते बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत तयार होते, बियांना फक्त लागलेले असते. बिया घातल्याने कडूपणा मिळतो, आग नाममात्र.

फेस ओतताच बसला तर आधी ग्लास तपासा. स्वच्छ ग्लासात पुन्हा ओता. तरी बसला आणि पृष्ठभागावर प्रकाशात तिरके पाहिल्यावर तेलाचा तवंग दिसला, तर मिरचीतले तेल बिअरमध्ये उतरले आहे. डब्यातली, मसाल्यात मुरवलेली चिपोत्ले वापरली की हमखास असे होते, आणि तिच्यातल्या व्हिनेगरने आंबटपणाही येतो. व्हिनेगरचा आंबटपणा नाकाला झोंबतो. लॅक्टिक आम्लाचा दह्यासारखा मऊ असतो. तो आला आणि बाटली उघडताच फेस उसळून बाहेर आला, तर न धुता, निर्जंतुक न करता टाकलेल्या ताज्या मिरचीबरोबर जिवाणू आले, असे समजावे. धुराच्या बिअरमध्ये दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास आला तर तो चिपोत्लेचा नव्हे. क्लोरीनचे पाणी किंवा रानटी यीस्ट तपासावे लागेल.

रंगाबद्दल एक गैरसमज: लाल मिरचीची बिअर लाल दिसत नाही आणि दिसायलाही नको. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही.

मग येते ती कोरडी आग: नाकाला काही नाही, पहिल्या पाच सेकंदांत काही नाही, आणि एकदम घशात जाळ. तीन शक्यता. तयार अर्क वापरला. अतिजहाल मिरची नखभर घातली. किंवा बिअर जुनी झाली. मिरचीचा वास महिन्यांत विरतो, कॅप्सेसिन मात्र टिकते, म्हणून वर्षभर ठेवलेली मिरचीची बिअर आधीपेक्षा जास्त तिखट झाल्यासारखी वाटते. तिखट तेवढेच असते, त्याला झाकणारे बाकी सगळे उडून गेलेले असते. ॲरिझोनातल्या 'केव्ह क्रीक चिली बिअर'च्या बाटलीत अख्खी मिरचीच तरंगत असे. तिथे प्रकार वेगळा, मिरची मुरत राहील तितकी बिअर तिखट होत जाते. पिंपात मिरचीची पुरचुंडी सोडलेली असेल तर हेच घडते: सोमवारचा ग्लास आणि शनिवारचा ग्लास एक नसतो. टॅपवरची बिअर चाखताना पिंप कधी लावले ते विचारून तारीख वहीत लिहावी.

गुण देण्याचे म्हणाल तर बीजेसीपी या बिअर-परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या पन्नास गुणांच्या पत्रिकेत वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण आहेत. मिरचीची बिअर तिथे ३०अ या मसाला-वनस्पती-भाजीच्या प्रकारात येते. आग स्पर्शाच्या पाच गुणांत मोजायची, मिरचीची चव चवीच्या वीसांत. हे वाटप पाहिले तर नुसत्या आगीला किती भाव द्यायचा ते आपोआप कळते. लेबलवर मिरचीचे नाव आहे आणि ती नाकाला, चवीला सापडत नाही, तर आग कितीही असो, गुण कापायचे. उलट, मिरची पुढे आणि मूळ बिअर हरवलेली असेल तरीही कापायचे. डोळे मिटून 'ही स्टाउट आहे' एवढे तरी सांगता आले पाहिजे. आणि शेवटची कसोटी अशी की अख्खा ग्लास संपवावासा वाटतो का. साठ मिलिलिटरला वाहवा मिळवणाऱ्या पुष्कळ बिअर पाव लिटरला हात टेकवतात.

तोंड निवळायला दूध सर्वांत चांगले, सायीसकट. त्यातले केसीन आणि स्निग्धांश कॅप्सेसिनला धरून नेतात. दही, ताक चालते. चिमूटभर साखर जिभेवर विरघळवली तरी फरक पडतो. पण दुधाचा घोट घेऊन तसेच ग्लासाला ओठ लावले की पुढच्या बिअरचा फेस त्या स्निग्धांशाने मरतो. दूध, मग साध्या पावाचा किंवा भाकरीचा तुकडा, मग कोमट पाण्याची चूळ, ओठ पुसणे, या क्रमाने जा. खारे शेंगदाणे आणि फरसाण लांब ठेवा. पित्ताचा, व्रणाचा त्रास असणाऱ्याने या बैठकीला बसूच नये.

जिभेला सराव द्यायचा असेल तर घरी बिअर गाळण्याची गरज नाही. दुकानातली साधी लागर पुरते. ब्याडगीच्या बी-देठ काढलेल्या दहा ग्रॅम तुकड्यांवर १०० मिलिलिटर व्होडका ओतून झाकणबंद काचेच्या बाटलीत तीन-चार दिवस ठेवा, रोज एकदा हलवा, मग कॉफीच्या फिल्टरमधून गाळा. दुसऱ्या बाटलीत लवंगी मिरचीचा असाच अर्क. मिरची कापताना हातमोजे घाला, नंतर डोळ्यांना हात नको. एक मिलिलिटरच्या बिनसुईच्या सिरिंजने चार ग्लासांत ०.१, ०.२, ०.४ आणि ०.८ मिलिलिटर अर्क आधी टाका आणि वरून शंभर-शंभर मिलिलिटर लागर ओता. अर्क नंतर टाकून ढवळला तर गॅस जातो. पाचव्या ग्लासात ०.८ मिलिलिटर कोरी व्होडका, म्हणजे मद्यार्काचा फरक वजा करता येतो. आधी ब्याडगीची ओळ, दुसऱ्या दिवशी लवंगीची. ब्याडगीत वास आधी येईल आणि आग मागून, रेंगाळत. लवंगीत आग वासाला गाठेल. कोणत्या ग्लासापासून तिखट जाणवू लागले तो आकडा वहीत लिहा आणि तीन-चार आठवड्यांनी ग्लासांचे क्रम दुसऱ्याकडून लपवून घेऊन पुन्हा बसा. दोन्ही वेळा तोच ग्लास निघाला की तुमच्या तिखटाच्या नोंदींवर दुसऱ्यालाही भरवसा ठेवता येईल. ग्लास दर वेळी वेगळा निघत असेल तर तोवर आकडे लिहू नका, आगीची जागा आणि वेळ लिहा.